नऊ मिनिटांचा आवाज

एखाद्या कंपनीने आपल्यावर प्रेम असल्याचं लेखी कळवलं, की शहाण्या माणसाने उठून आधी दाराची कडी तपासावी. शशिकांत मांगले शहाणा नव्हता, मंडप-डेकोरेटर होता. अनंतलोक स्टुडिओचं प्रेमपत्र दरवर्षी पाडव्याच्या सुमाराला त्याच्या फोनवर येई. 'प्रिय चाहत्या' अशी त्याची सुरुवात असे आणि तेवढं वाचूनच शशिकांतचा ऊर भरून येई. पत्राच्या तळाशी एक हिरवा ठोकळा असे, त्यावर 'मान्य' लिहिलेलं असे. भरल्या उराने शशिकांत तो दाबी. मधला मजकूर वाचायला ऊर रिकामा लागतो.

हा अनंतलोक स्टुडिओ 'नौका सप्तर्षी' नावाचे सिनेमे काढायचा. त्यांत कॅप्टन रणजय नावाचा एक देखणा पुरुष अंतराळनौका घेऊन पृथ्वी वाचवत हिंडे. पृथ्वीला धोकाही शिस्तीचा होता, बरोबर दिवाळीच्या सुट्टीत उद्भवायचा. शशिकांतने त्या सिनेमांवर जीव ओवाळून टाकला होता, आणि जीव ओवाळून उरलेल्या वेळात तो तासगावात स्वतःचे सप्तर्षीपट काढी. हौसेचे, फुकटचे, चाहत्याने चाहत्यांसाठी काढलेले. अंतराळनौका म्हणून त्याला बेदाण्याची शेड मिळाली होती. ज्यांनी बेदाण्याची शेड पाहिली नाही त्यांना सांगतो, लांबलचक पत्र्याखाली हिरव्या जाळ्यांचे मजल्यावर मजले असतात आणि त्यांवर द्राक्षं सुकत पडलेली असतात. त्यात दोन निळे बल्ब लावले की थेट आकाशगंगा. फक्त मुंग्या फार.

कॅप्टन रणजय व्हायचे त्याचे थोरले बंधू अण्णासो. अण्णा बाजार समितीत बेदाण्याचे सौदे पुकारायचे. त्यांनी एका टोकाला "एक वाऽऽर" म्हटलं की दुसऱ्या टोकाला चहा पिणारा व्यापारी कप खाली ठेवी. तो आवाज कमावलेला नव्हता, गावाला मिळालेला होता, नदी मिळते तसा.

दोघं भाऊ अभिनय शिकले ते गणपतीच्या जिवंत देखाव्यात. तिथली रीत अशी, की संवाद आधीच रेकॉर्ड करून ठेवायचे आणि स्टेजवर पात्रांनी नुसते ओठ हलवायचे. ट्रॅक्टरवर चढून बघणाऱ्या शेवटच्या माणसाला कोण बोलतंय ते कळावं म्हणून ज्याचं वाक्य असेल त्याने उजवा हात वर करून हलवायचा. एका रात्रीत तोच खेळ वीसवीसदा केला की हात अंगात मुरतो. सिनेमातही तो उतरला. तासगावचा कॅप्टन रणजय प्रत्येक वाक्याला हात वर करी, जणू अवकाशात एस.टी. थांबवतोय.

एका वर्षी अशाच सप्तर्षीपटाचा शेवटचा प्रसंग चालू होता. कॅप्टन जखमी होऊन जाळ्यांवर पडलाय आणि पृथ्वीचा निरोप घेतोय. अण्णा बोलले. शेडमधले मजूर हातातलं काम थांबवून बघत राहिले. एकीने पदर डोळ्याला लावला. आणि कॅमेऱ्याने टुंग असा आवाज करून काच धूसर केली.

"काय म्हंतंय?" अण्णांनी हेल्मेट काढून विचारलं. ते हेल्मेट म्हणजे फवारणीच्या ड्रोनचं जुनं झाकण होतं.

"चांगलं झालंय म्हंतंय."

"मग?"

"म्हणून चालणार न्हाई म्हंतंय."

अनंतलोकच्या प्रेमाला अटी होत्या. चाहत्याचा सिनेमा नऊ मिनिटांच्या वर जाता कामा नये. कुणाला दमडी द्यायची नाही, कुणाकडून घ्यायची नाही. सुरुवातीला 'हे सगळं अनंतलोकचं आहे, आमचं काही नाही' असं कबूल करायचं. आणि एक अट अशी होती, की चाहत्याची कलाकृती मूळ कलाकृतीपेक्षा सरस नसावी. ही शेवटची अट ज्याने घातली, त्याने मूळ कलाकृती पाहिलेली असणार.

"थोडं वाईट करा अण्णा," शशिकांत म्हणाला.

"थोडं म्हंजे किती?"

"मूळच्याइतकं."

अण्णा विचारात पडले. "तेवढं जमंल का बघतो."

दोनदा केलं, दोन्हीदा टुंग. तिसऱ्या वेळी अण्णांचा घसा मध्येच खरखरला, वाक्य फाटलं आणि खोकला आला. त्याबरोबर यंत्र प्रसन्न झालं आणि हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या खोकल्याकडे बघितलं ते एकट्या वैजयंतावहिनींनी. "गेला महिनाभर असंच खरखरतंय," त्या म्हणाल्या, "काढा दिला तर मांजराला पाजतात."

आता हे टुंग करणारं यंत्र कसं चालतं ते सांगायला हवं. ते घरोघर आहे, त्यामुळे कुणालाच माहीत नाही. त्याचं नाव साम्यमापक. मसुराच्या डाळीएवढी ती चकती प्रत्येक कॅमेऱ्यात, माइकमध्ये आणि स्पीकरमध्ये असलीच पाहिजे असा कायदा झाला होता. घराला जसा पत्ता असतो तसा ही चकती प्रत्येक दृश्याला आणि प्रत्येक आवाजाला एक पत्ता देते. आपल्या पत्त्यात गल्ली आणि घर नंबर असतो, तिच्या पत्त्यात हजारो आकडे असतात. मान किती झुकली, दोन शब्दांमध्ये किती थांबलं, 'र' किती घोळवला, उजेड कुठून आला. सारख्या गोष्टींचे पत्ते जवळजवळ पडतात. बापलेकांचं हसू एका गल्लीत राहतं.

इथपर्यंत विज्ञान होतं. पुढे वकील आले. त्यांनी पटवून दिलं, की स्टुडिओच्या मालकीचे जेवढे पत्ते, तेवढ्यांभोवती एक वर्तुळ काढावं आणि वर्तुळाच्या आत जे जे येईल ते स्टुडिओचं समजावं. वर्तुळाचा मध्य कुठला? तर आतल्या सगळ्या पत्त्यांची सरासरी. जे मध्याच्या जवळ ते मूळ, जे लांब ती नक्कल. आणि यंत्राने एकदा मूळ-नक्कल ठरवलं की त्यावर अपील नाही. ही अट तर अनंतलोकनेच भांडून मिळवली होती. चाहत्यांना अपील दिलं तर ते करतात, असा त्यांचा अनुभव होता.

पत्रातला हिरवा ठोकळा दाबला की काय व्हायचं, तर चाहत्याने आपल्या सिनेमात जे काही नवं घातलं असेल ते अनंतलोकला समर्पण. त्याचे पत्ते त्यांच्या वर्तुळात जमा. शेतीवाडी असलेल्या माणसाला हे फोडून सांगायला नको. शेजारी दरवर्षी नांगर वीतभर आत घालतो आणि बांध कोरतो. इथे फरक एवढाच, की शशिकांत स्वतः बांधावर उभा राहून "या की, अजून या" म्हणत होता. गावोगावचे हजारो शशिकांत तेच करत होते. त्यांतल्या निम्म्यांनी तर तासगावचे सप्तर्षीपट बघून आपापल्या कॅप्टनला हात वर करायला आणि अण्णांसारखा 'र' घोळवून बोलायला शिकवलं होतं, कारण फुकट असल्यामुळे ते जास्त पाहिले जात. अनंतलोक सगळं गिळत होतं. भराभर जेवणारा माणूस घास बघतो. आपली बेंबी कुठे सरकली हे तो कशाला बघेल?

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, की अण्णांच्या स्वरयंत्रावर गाठ आहे. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल. अण्णांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "आणि सौदे?" बाहेर रांगेत बसलेल्या पेशंटांनी माना वर केल्या.

"अहो, आता काळजीचं कारण नाही," डॉक्टर म्हणाले. "कंठयंत्र आलंय. गळ्याभोवती पट्टा. तुम्ही बोलायचं मनात आणलंत की मेंदूकडून गळ्याच्या नसांना निरोप जातो, तो हा पट्टा वाचतो आणि तुमच्याच आवाजात बोलतो. फक्त तुमचा जुना आवाज त्याला भरपूर ऐकवावा लागतो. आहे कुठे रेकॉर्ड केलेला?"

शशिकांतला इतका अभिमान उभ्या आयुष्यात वाटला नव्हता. "म्हणाल तेवढा हाय, डॉक्टर."

ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर पट्टा बसवायचा दिवस आला. वहिनी नवं पातळ नेसून आल्या. डॉक्टरांनी पट्टा चालू केला आणि म्हणाले, "बोला अण्णा, बिनधास्त." अण्णांनी वहिनींकडे पाहून ओठ हलवले. त्यांच्या गळ्यातून एका तरुण मुलीचा मधाळ आवाज आला.

"प्रिय चाहत्या, हा आवाज अनंतलोक स्टुडिओची मालमत्ता आहे. तुमच्या प्रेमाबद्दल आभार."

"ही कोण बाई?" वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी पट्टा काढला, घातला, पुसला. बाई जाईना. मग लग्नाचा व्हिडिओ ऐकवला, सौद्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं, शशिकांतने फोनवर साठवलेली अण्णांची एक शिवीसुद्धा ऐकवली. प्रत्येक वेळी आभार. माणूस तोच, आवाज तोच, पत्ताही तोच. आणि तो पत्ता शशिकांतने दरवर्षी पाडव्याला दान केलेला.

"दुसरा आवाज बसवू," डॉक्टर म्हणाले. "तयार मिळतात. बातम्या देणाऱ्याचा आहे, कीर्तनकाराचा आहे."

अण्णांनी मान हलवली. नाही. मग ते शशिकांतकडे बघत राहिले. ते काय म्हणतायत हे कळायला कुठलंच यंत्र लागत नव्हतं.

अनंतलोकच्या मुंबईच्या ऑफिसात भिंतीवर 'चाहते हेच आमचं कुटुंब' असं लिहिलं होतं. कुटुंबाला आत यायला फोटो, अंगठा आणि आधार लागलं. चाहता-स्नेह अधिकारी म्हणून अद्वैत सबनीस नावाचा एक गोरागोमटा तरुण भेटला. त्याने शशिकांतचे दोन्ही हात हातात घेतले.

"अण्णा सरांचे आम्ही स्वतः फॅन आहोत, सर. हात वर करतात ते! काय सुचलंय!"

"साहेब, भावाचा आवाज परत पायजे."

"परत म्हणजे, सर, तो गेलेलाच नाहीये. तो अतिशय सुरक्षित आहे. आमच्याकडे."

"त्येला बोलता येत न्हाई."

सबनीसने डोळे मिटून दुःख केलं. ते उरकल्यावर म्हणाला, "यासाठी आपल्याकडे स्नेह-परवाना आहे. अण्णा सरांना त्यांचा आवाज चाहता म्हणून वापरता येईल. रोज नऊ मिनिटं."

"नऊ मिनिटांत माणूस बोलंल काय?"

"बऱ्याच नवऱ्यांना तेवढीसुद्धा मिळत नाहीत, सर." सबनीस हसला. हा विनोद त्याला प्रशिक्षणात शिकवलेला असावा. "प्रत्येक वाक्याआधी साभार-ओळ येईल. व्यावसायिक वापर नको."

"भाऊ बेदाण्याचे सौदे पुकारतो वो. त्येच्यावरच तर..."

"ते व्यावसायिक झालं, सर. आणि अर्थात, बोलणं मूळ कॅप्टनपेक्षा सरस नसावं. पण त्याची काळजी यंत्र घेईल."

"आमचं म्हणणं कुणाच्या कानावर घालाल का?"

"नक्की. तुमच्या भावना मी वरपर्यंत पोचवतो."

"वर कोण हाय?"

सबनीसने वर पाहिलं. वर एसी होता.

परवाना आला. पहिल्या दिवशी वहिनींनी विचारलं, "भात वाढू का?" गळ्यातली बाई म्हणाली, "पुढील आवाज अनंतलोक स्टुडिओच्या सौजन्याने, केवळ चाहत्याच्या खाजगी आनंदासाठी, सर्व हक्क राखीव." मग अण्णांचा आवाज आला, "वाढ." तोवर आमटीवर साय धरली होती. पण आवाज अण्णांचाच होता. वहिनी पातेलं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "अजून एकदा म्हणा," त्या म्हणाल्या. अण्णा परत "वाढ" म्हणाले. असं करत करत नऊ मिनिटं भातावरच संपली.

दुसऱ्या दिवशी अण्णा बाजारात गेले. व्यापारी जमले, बेदाण्याची ताटं मांडली. अण्णांनी हात वर केला आणि ओठ उघडले. "प्रिय चाहत्या," बाई सगळ्या बाजाराला म्हणाली, "व्यावसायिक वापर आढळल्यामुळे आपला आजचा आवाज स्थगित करण्यात आला आहे." कुणीतरी हसलं. हसायचं नव्हतं त्याला, पण हसू आलं. अण्णांनी पट्टा काढला, घरी येऊन कपाटात वहिनींच्या शालूखाली सारला आणि शेडमध्ये जाऊन मजुरांबरोबर बेदाणा निवडायला बसले. सौदा पुकारायला समितीने भोंगा बसवला. व्यापारी आता चहाचा कप खाली ठेवीनासे झाले.

शशिकांत रोज शेडमध्ये जाई. अण्णा मान वर करत नसत.

"वहिनी, अण्णा माझ्याशी बोलत न्हाईत."

"ते कुणाशीच बोलत न्हाईत, भावजी."

"पण माझ्याशी जरा जास्तच न्हाईत."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "ते मलापण वाटलं."

अशात दिवाळी आली आणि रिवाजाप्रमाणे पृथ्वी धोक्यात आली. खरं तर शशिकांतने त्या सिनेमावर थुंकायला हवं होतं. पण भक्त असा सुटत नसतो. देवाने लाथ मारली तर तो पायाचा ठसा पूजेला लावतो. शशिकांतने पहिल्या दिवसाची तिकिटं काढली आणि तोंड लपवत वहिनींना दाखवली. वहिनी म्हणाल्या, "घेऊन चला त्यांनाबी. शेडमध्ये मुंग्या मोजत बसल्यात नुसतं." अण्णा आले. आजवर एकही सप्तर्षी त्यांनी चुकवला नव्हता. धाकटा भाऊ पाच वर्षांचा असताना खांद्यावर बसवून पहिला दाखवला होता, तो त्यांनीच.

पडद्यामागे काय घडलं होतं ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. कॅप्टन रणजय करणारा मोठा नट मानधनावरून रुसला होता. त्याचा चेहरा कराराने स्टुडिओकडे होता, आवाज नव्हता. तेव्हा तिथल्या कुणा हुशार माणसाने यंत्राला हुकूम सोडला, की आपल्या वर्तुळातला सगळ्यात अस्सल कॅप्टन रणजयचा आवाज काढून दे. यंत्राला लाज नसते आणि लबाडीही नसते. त्याने वर्तुळाच्या मध्यावर जाऊन बघितलं, आणि तिथे जो आवाज बसला होता तो काढून दिला.

थिएटरमध्ये अंधार झाला. नौका आली, धूर आला, धुरातून नटाचा गुळगुळीत चेहरा आला. त्याने तोंड उघडलं आणि अण्णा बोलले.

तोच घोळवलेला 'र'. तेच शब्द लांबवणं. शत्रूच्या नौकेवर नेम धरून कॅप्टन म्हणाला, "एक वाऽऽर... दोन वाऽऽर..." आणि अख्ख्या थिएटरने नकळत श्वास धरला. बेदाण्याचा सौदा कितीला तुटतो ते ऐकायला.

शशिकांतच्या अंगावर काटा आला. मग राग आला. मग त्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णा पडद्याकडे बघत नव्हते, ते वहिनींकडे बघत होते. वहिनींचे डोळे भरून वाहत होते, तोंडावर हसू होतं, आणि त्या बघत होत्या पडद्याकडे, त्या नटाकडे. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी परपुरुषाकडे असं बघितलं नव्हतं. अण्णांनी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी तो न बघताच बाजूला केला. "थांबा की," त्या म्हणाल्या, "ऐकू द्या."

अण्णा उठले. गुडघे ओलांडत, लोकांच्या पायांवर पाय देत ते पुढे गेले आणि पडद्याखालच्या कठड्यावर चढले. पडद्यावरच्या कॅप्टनने पुढचं वाक्य सुरू केलं. अण्णांनी उजवा हात वर केला.

वाक्य त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. पण आवाज आपलाच असला की तो कुठे थांबेल, कुठे चढेल हे माणसाला ठाऊक असतं. आणि रेकॉर्डवर ओठ हलवणं तर त्यांनी आयुष्यभर केलेलं. एका वाक्यात त्यांनी ओठ गाठले. दुसऱ्या वाक्याला मागच्या रांगेपर्यंतच्या माना पडद्यावरून खाली आल्या. तिसऱ्याला पडद्यावर कुणी आहे हे लोक विसरले. इतका वेळ कुठूनतरी येत असलेला आवाज आता एका माणसातून येत होता. "अण्णाऽऽ" अशी आरोळी उठली. वहिनी आता पडद्याकडे बघत नव्हत्या.

थिएटरच्या छताला एक डोळा असतो. कुणी चोरून चित्रण करतंय का, कुणी नक्कल करतंय का, हे तो बघतो. त्याला खाली एक कॅप्टन रणजय दिसला आणि वर एक. एकाच जागी दोन असले तर मूळ कोण, नक्कल कोण हे ठरवायचं, ही त्याची नोकरी. त्याने मोजलं. वरच्याचा आवाज मध्यावर होता, पण चेहरा लांब कुठेतरी वर्तुळाच्या काठाला, हात तर वर होतच नव्हता. खालच्याचा हात, मान, ओठ, थांबणं, सगळं बरोबर मध्यावर. इतकी वर्षं अनंतलोकने जे जे गिळलं होतं, त्यामुळे वर्तुळाचा मध्य हळूहळू सरकत सरकत मुंबईहून तासगावात आला होता, आणि आत्ता तो कठड्यावर उभा होता.

टुंग.

दिवे लागले. सिनेमा थांबला. पडद्यावर ओळखीची अक्षरं उमटली आणि ओळखीची मधाळ बाई ती वाचू लागली.

"प्रिय चाहत्या, तुमच्या प्रेमाबद्दल आभार. आपण केलेली नक्कल नऊ मिनिटांपेक्षा मोठी असल्याचं, तसंच तिच्यात पगारी कलाकार असल्याचं आणि तिच्यासाठी तिकीट लावल्याचं आढळलं आहे. मूळ कलाकाराच्या संमतीपर्यंत आपला चित्रपट स्थगित करण्यात येत आहे. या निर्णयावर अपील नाही."

यंत्र सगळीकडे एकच. तासगावात ठरलं ते त्याच क्षणी नागपुरात ठरलं, पुण्यात ठरलं. राज्यभर लोक पॉपकॉर्न हातात घेऊन उजेडात बसून राहिले.

घरी आल्यावर वहिनींनी शालू उचलला आणि पट्टा काढला. "घाला," त्या म्हणाल्या. अण्णांनी घातला. तिघं वाट बघत राहिले. बाई आलीच नाही.

"वैजा," अण्णा म्हणाले, स्वतःच्या आवाजात, कुणाच्याही सौजन्याशिवाय. "तो बरा का मी?"

"तो दाढी रोज करतो," वहिनी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या.

अण्णा शशिकांतकडे वळले. कित्येक महिन्यांनी. "आणि तू रं शशा. हिरवं दिसलं की तोंड घालायला तू काय शेरडू हाईस?"

शशिकांतला इतकं गोड आजवर कुणी बोललं नव्हतं.

सबनीस आला तो आठवडा संपायच्या आत. गाडीतून उतरला तेव्हा हातात पुष्पगुच्छ होता आणि घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. अण्णा सौदे उरकून शेडमध्ये बसले होते, निवडलेला बेदाणा ताटात पसरला होता. सबनीसने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मुंग्या चावल्या.

"अण्णा सर, दिवाळीची सुट्टी संपत आलीय. सिनेमा बंद आहे. कोर्टात गेलो तर ते म्हणतात, अपील नाही ही अट तुमचीच. आपण मोठ्या मनाने एक संमती दिलीत तर..."

"बसा," अण्णा म्हणाले. "बेदाणा खावा. आमच्या चाहत्यांवर आमचं लई प्रेम हाय."

सबनीसला बरं वाटलं. त्याने बेदाणा तोंडात टाकला.

"संमती देतो की. का न्हाई देणार? शशा, सांग त्यास्नी."

शशिकांतने घसा साफ केला. अटी त्याला पाठ होत्या. आता मधला मजकूरही त्याने वाचला होता. "तिकीट लावायचं न्हाई. नटाला दमडी द्यायची न्हाई. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून म्हणायचं, हे मांगल्यांचं हाय, आमचं काय न्हाई. आणि नऊ मिनिटं."

"नऊ मिनिटं?" सबनीसचा बेदाणा घशात अडकला. "सर, अडीच तासांचा सिनेमा आहे! नऊ मिनिटांत काय दाखवणार?"

"आमी दाखवायचो," अण्णा म्हणाले. "पृथ्वी वाचवून आठव्या मिनिटाला चहाला बसायचो."

सबनीसने हात जोडले, सोडले, परत जोडले. मग त्याच्या लक्षात आलं, की अजून एक अट राहिलीय. ती ह्या लोकांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच विचारलेली बरी, असं त्याला वाटलं असावं. खाली मान घालून तो पुटपुटला, "आणि ते... मूळपेक्षा सरस नसावं, ती अट?"

अण्णांनी उजवा हात वर केला. शेडमधल्या बायकांनी हातातलं काम थांबवलं.

"ती घालायची गरज न्हाई," अण्णा म्हणाले. "ती तुमी पैल्यापासनं पाळत आलायसा."